सोमवारचं पाणी

ह्या वर्षी माझ्या पाऊण एकर बागेची साखर चार आठवडे एकोणिसावर अडून बसली, ह्याची चर्चा नारायणगावच्या खत-औषधाच्या दुकानांपर्यंत गेली होती. कोणी म्हणालं मुळी कुजली. कोणी म्हणालं थंडी लांबली. आमच्या खोडदच्या एका शहाण्यानं तर दुर्बिणीच्या लहरी लागल्या असं निदान केलं. ती रेडिओ-दुर्बीण, म्हणजे शिवारात उभी असलेली ती अवाढव्य ताटं, तीस वर्षं आभाळाकडं कान लावून बसली आहेत. एवढ्या वर्षांत त्यांच्या लहरी कोणाच्या म्हशीला लागल्या नाहीत, त्या नेमक्या माझ्या द्राक्षांना कशाला लागतील? कारण वेगळं होतं. कारण मी होतो.

हे लिहून टाकतो आहे, कारण तोंडी सांगायला समोर माणूस लागतो, आणि समोर माणूस नसणं हीच तर सगळी भानगड.

ही द्राक्षं खायची नव्हेत, वाइनची. पांढरी वाइन, आणि तीही गोड नव्हे, ड्राय. जातीचं नाव फ्रेंच आहे, सोव्हिन्यों ब्लाँ. ते नीट म्हणायला मला महिना लागला, आणि म्हणता यायला लागलं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. गावानं केव्हाच त्याची ‘सोनी’ करून टाकली होती. कंपनीच्या लोकांनी सांगितलं की तुमचा वरचा चढ ह्या जातीला झकास आहे. मला आधी वाटलं चेष्टा करतात. त्या मुरमाड चढावर आमच्या वडिलांनी हुलग्यापलीकडं काही पेरलं नव्हतं, आणि हुलगाही तिथं उपकार केल्यासारखा उगवायचा. पण वाइनच्या द्राक्षाला म्हणे हाल लागतात. जमीन हलकी हवी, पाणी बेताचं हवं, दिवसा ऊन आणि पहाटे गारठा हवा. उन्हानं साखर चढते, गारठ्यानं आंबटपणा टिकतो. हे सगळं आमच्या जुन्नरच्या शिवारात माघ महिन्यात फुकट मिळतं. हाल म्हणाल तर तेही मुबलक आहेत.

बाग तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा घडाला आली, आणि शेजारच्या दादाभाऊला झोप लागेना. दादाभाऊ म्हणजे खायच्या द्राक्षांतला नावाजलेला बागायतदार. त्याच्या बागेतला मणी अंगठ्याएवढा असतो, आणि पाहुण्याला चहाच्या आधी मणी दाखवायची त्याची पद्धत आहे. माझे घड बघून त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी लेकरांना उपाशी ठेवलं आहे.

“रखमाजी, आरं हे मणी हायेत का हरभरं?”

“वाइनला बारीकच लागतो म्हणं.”

“म्हणं! कोण म्हणं? आरं, जीएची एक बुडवणी कर, राव. मणी कसा टचटचीत व्हतो बघ. चारचौघांत लाज जाईल तुझी.”

जीए हे मणी फुगवायचं औषध. आमच्याकडं कोवळा घड त्याच्या भांड्यात बुडवून काढतात. वाइनच्या द्राक्षाला ते चालत नाही. मणी फुगला की साल कमी आणि पाणी जास्त, मग वाइन पांचट होते. हे मी दादाभाऊला चार वेळा सांगितलं. त्यानं चारही वेळा मान हलवली. मान हलवणं म्हणजे ऐकणं असा माझा समज होता.

हे सगळं मला शिकवलं ते कंपनीच्या प्रज्ञामॅडमनी. मॅडम म्हणजे सव्वीस वर्षांची पोरगी, घोडेगावची, शेतीची पदवी घेतलेली. स्कुटीवरून यायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातात नोंदवही दिली. फवारणी आणि पाणी, जे केलं ते तारीखवार लिहायचं. मग जरा चाचरत म्हणाली, “बाबा, लिहिता येतं ना?”

मी म्हटलं, “येतं की. एक्कावन्नाव्या वर्षी शिकलोय. उशिरा शिकलेल्याचं अक्षर चांगलं असतंय, मॅडम. बिघडायला टाइमच न्हाय भेटत.”

ती हसली. माझ्या घरात कोणी हसण्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते. माझी बायको अंजना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा भरत चाकणला कारखान्यात असतो, दर रविवारी फोन करतो. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. मग दोघंही थोडा वेळ फोन धरून श्वास घेतो आणि ठेवतो. गुणी पोरगा आहे. त्याच्या फ्लॅटवर मी एकदा नऊ दिवस राहिलो. दहाव्या दिवशी लिफ्टमध्ये एका माणसाला रामराम केला, तर तो म्हणाला, “कितवा मजला?”

जानेवारीपासून प्रज्ञामॅडम दर मंगळवारी यायला लागल्या. सगळ्या ओळींतून शंभर मणी तोडायचे, पिशवीत चुरडायचे, रसाचा थेंब एका नळीच्या काचेवर टाकायचा आणि नळी उन्हाकडं धरून डोळा लावायचा. आत साखरेचा आकडा दिसतो. मग ओट्यावर बसून चहा. ती ‘जयभीम बाबा’ म्हणायची, मी ‘रामराम’ म्हणायचो, त्यातच दोन वाक्यं होऊन जायची. पुढची सगळी माझी असायची. सोमवारी रात्री झोपण्याआधी मी उद्या काय बोलायचं ते ठरवून ठेवायचो. विहीर खणताना लागलेला खडक, बहात्तरचा दुष्काळ, बैलाचा स्वभाव. बुधवारी मला खोकला यायचा. डॉक्टर म्हणाले हवा. हवा कसली, सहा दिवस न वापरलेला गळा एकाच दिवशी एवढा चालवला तर दुसरं काय होणार.

आता मध्ये सरकार येतं.

कंपनीचं म्हणणं होतं की सातबारावर पीक नीट चढलेलं हवं. ते मोबाइलवर चढतं, शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो. डिसेंबरात मी उभा राहिलो. मोबाइल म्हणाला, तुम्ही तुमच्या गटापासून चारशे मीटर लांब आहात. माझे पाय माझ्या मातीत, डोक्यावर माझ्या बापानं लावलेला आंबा, आणि हातातलं यंत्र सांगतंय की तू इथं नाहीस. मी चारशे मीटर सरकून बघितलं. तिथं दादाभाऊची विहीर होती. मोबाइल म्हणाला, आता बरोबर.

म्हणून मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी आधी गट नंबर दुरुस्त केला, मग पीक विचारलं. मी म्हटलं द्राक्ष. ते म्हणाले, “शेऱ्यात काय लिहू बाबा, खाण्यासाठी?” कागदावर मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, “न्हाय साहेब, पिण्यासाठी.”

माझ्यामागं वीस माणसांची रांग होती. त्यात आमच्या गावचे दोघं होते. मी एसटीनं घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, की अंजनाबाईच्या रखमाजीनं सरकारात पिण्यासाठी अर्ज केला.

ते थोडं म्हणून की काय, घरी आलो तर दादाभाऊ बागेतून हात पुसत बाहेर येत होता. हात कोपरापर्यंत ओले. “उपकार म्हणू नगंस,” तो म्हणाला. “तू दिसत न्हवतास, म्हटलं आपणच उरकावं. दोन वळी झाल्या बुडवून. औषध संपलं, न्हायतर सगळी केली असती.” माणूस एवढ्या मायेनं नुकसान करतो तेव्हा त्याला काय बोलावं ह्याची सोय भाषेत नाही. मी त्याला चहा दिला. मॅडमनी पुढं त्या दोन ओळींना लाल फिती बांधल्या, म्हणजे ह्या बाद. दादाभाऊला वाटलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी साळुबाई आली, बरोबर चार बाया. साळुबाईचं घर ओढ्यापलीकडं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मला नुसतं ‘रखमा’ म्हणणारी गावात आता ती एकटीच उरली आहे, बाकीचे सगळे वर गेले. सतरा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीचा प्रचार करत दारोदार फिरलेल्या दोघीजणी म्हणजे साळुबाई आणि माझी अंजना.

“रखमा,” ती अंगणातूनच म्हणाली, “अंजना असती तर तुला उभा न्हाय केला असता, आडवा केला असता.”

“साळुबाई, द्राक्षं हायेत ती. झाडाला लागलीत.”

“गूळ बी उसालाच लागतुया. त्याची काय व्हते ती आमाला म्हाईत हाय.”

नेमक्या त्याच वेळी प्रज्ञामॅडमची स्कुटी आली. पोरीनं गडबडून न जाता सगळं समजावून सांगितलं, कायदा, कारखाना, परवाना. बायांनी ऐकून घेतलं. मग बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं की बुचाची वाइन कारखान्यात बाटली आडवी करून ठेवतात, म्हणजे बूच सुकत नाही.

साळुबाई म्हणाली, “मंग ठीक हाय. आडवीच ठिवा म्हणावं. उभी केली की आमी आलोच.”

बाया हसल्या, पण जाताना निकाल देऊन गेल्या. गावातली एकही बाई माझ्या बागेत तोडणीला पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, बघू. तोडणी तेव्हा लांब होती, आणि खरं सांगायचं तर तोडणी लांबच असावी असं मला वाटत होतं.

कारण जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी मॅडमनी नळीला डोळा लावला आणि आनंदानं म्हणाल्या, “एकोणीस! बाबा, बावीसला तोडायचं. दोन मंगळवार, फार तर तीन.”

मी पण आनंद दाखवला. रात्रभर ते ‘फार तर तीन’ डोक्यात राहिलं. तोडणी झाली की बाग रिकामी, आणि रिकाम्या बागेत साखर मोजायला कोण येतं?

व्यापाऱ्याला माल द्यायच्या आधी पाणी सोडलं की मणी फुगतो, वजन भरतं आणि गोडी उतरते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. सोमवारी दुपारी लाइट होती. मी बागेत गेलो. झाडं मला तहानलेली वाटली. अशा वेळी माणसाला जे वाटायला हवं ते बरोबर वाटतं. मोटार चालू केली, चार तास.

मंगळवारी नळीत एकोणीस.

“पाणी बंद आहे ना, बाबा?”

“हं,” मी म्हटलं, आणि बैलाची गोष्ट काढली.

पुढच्या सोमवारी पुन्हा चार तास. पुन्हा एकोणीस. मॅडमना वाटलं नळीच बिघडली, म्हणून त्या नवी घेऊन आल्या. नव्या नळीनंही एकोणीसच दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं माती तपासणारा माणूस पाठवला. तो पानांचे देठ खुडून पाकिटात भरत होता आणि मी मागं हात बांधून, गंभीर चेहऱ्यानं, घरात मयत झाल्यासारखा त्याच्यामागून फिरत होतो. दादाभाऊ रोज एक सल्ला आणायचा. “पोटॅश सोड.” “पानं काढ.” “दोन लाल फितीवाल्या वळी बघ कशा मस्त हायेत, बाकीच्यांस्नी दृष्ट लागली.” एक जण तर नारळ फोडून गेला. मणी पाण्यानं तडकायला लागले, त्यावर गांधीलमाशा आल्या. एक माझ्या कानाला चावली, आणि मला तो न्याय वाटला.

मी थांबायला हवं होतं, ते मला कळत होतं. पण त्या मंगळवारी मी माझ्या लग्नाची गोष्ट अर्ध्यात सोडली होती.

चौथ्या मंगळवारी मॅडम आल्या त्या चहाला नको म्हणाल्या. ओट्यावर बसल्या, नळी तशीच मांडीवर.

“बाबा, वरच्या साहेबांनी सांगितलंय. दहा दिवसांत साखर आली नाही तर ह्या चढाचा माल घेणार नाहीत. दिवस तापायला लागलेत. साखर चढत नाही, आणि आंबटपणा मात्र रोज उतरतोय. ड्राय वाइनमध्ये तो आंबटपणाच सगळं असतो. तो गेला की राहिलं काय?” मग म्हणाली, “हा चढ मी सुचवला होता. सगळे नको म्हणत होते. माझी नेमणूक एकेका वर्षाची असते, ह्या वेळची मार्चमध्ये संपते. हा प्लॉट फसला तर मला घरी बसवतील.”

ती यावी म्हणून मी सोमवारी पाणी सोडत होतो, आणि तेच पाणी तिला वाहून नेत होतं.

“नोंदवही बघू,” ती म्हणाली. “काहीतरी सुटतंय माझ्या नजरेतून.”

मी नोंदवही दिली. आता कोणी विचारेल, तू ती का दिलीस, आणि मुळात त्यात लिहिलंस तरी का? तर तोंडानं खोटं बोलायचा मला सत्तर वर्षांचा सराव आहे. लिहिण्यात मी अजून नवखा. हाती आलेलं अक्षर खोट्यासाठी वापरायला मन धजत नाही, अजून जे खरं आहे तेच पुरतं लिहून झालेलं नाही. तिनं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं.

“पाच फेब्रुवारी, सोमवार. पाणी, चार तास. बारा फेब्रुवारी, सोमवार. पाणी, चार तास. एकोणीस...” ती थांबली. “बाबा, हे काय आहे?”

“लिहिलंय ते.”

“तुम्ही तर बंद आहे म्हणाला होता.”

“म्हणालो व्हतो.”

“आणि सोमवारीच का?”

“मंगळवारी तुमी येता म्हणून.”

तिनं वही मिटली. मला वाटलं हसेल. एवढी बनवाबनवी उघडी पडल्यावर निदान हसू तरी यावं. पण तिचे डोळे भरले होते, आणि ते रागानं.

“बाबा, माझी नोकरी आहे ही. घरात मी एकटी कमावते. वडील दोन वर्षं अंथरुणावर आहेत.”

“पोरी, मला ठावं न्हवतं. तू कधी सांगितलंच न्हाईस.”

“तुम्ही कधी विचारलं?” ती म्हणाली. “दर मंगळवारी तुम्हीच बोलत होता.”

मला विहिरीतला खडक आठवला, बैल आठवला, बहात्तरचा दुष्काळ आठवला. एवढ्या मंगळवारांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुझ्या घरी कोण कोण आहे. मी माझं माणूस नसण्याचं एवढं मोठं गाठोडं तिच्यापुढं सोडून बसायचो, की तिचं ठेवायला ओट्यावर जागाच नव्हती.

ती उठली, मोटारीच्या पेटीकडं गेली, तिन्ही फ्यूज काढले आणि पर्समध्ये टाकले. स्कुटी चालू करून निघून गेली. जयभीम नाही, रामराम नाही.

पुढचे नऊ दिवस ती रोज आली. माझी चार सोमवारांची कारस्थानं जे करू शकली नाहीत ते एका कबुलीनं केलं. पण रोज आली म्हणजे काय, तर स्कुटी थेट बागेत, मणी, पिशवी, नळी, आकडा, परत. वीस. वीस पॉइंट सहा. एकवीस. मी ओट्यावरून बघायचो. पाचव्या दिवशी मी सगळा धीर गोळा करून विचारलं, “वडलांना बरं हाय का?”

“आहे तसंच,” ती म्हणाली. सहाव्या दिवशी तिनं आपण होऊन सांगितलं की काल ते भिंतीला धरून उभे राहिले. एवढंच. मी त्यावर एकही गोष्ट सांगितली नाही. सोपं नव्हतं, माझ्याकडं भिंतीची एक फार चांगली गोष्ट आहे.

नवव्या दिवशी दुपारी ती बागेतून जवळजवळ पळत आली. “बावीसला पाव कमी. आंबटपणा अजून आहे, जेमतेम. उद्या पहाटेच तोडायचं, बाबा, ऊन व्हायच्या आत. परवा उशीर होईल. बाया सांगून ठेवल्यात ना?”

बाया! दादाभाऊच्या बागेत निर्यातीची तोडणी चालू होती, बाहेरगावच्या सगळ्या मजुरांच्या टोळ्या त्याच्याकडं. आणि गावातल्या बायांचा निकाल केव्हाच लागला होता.

मी ओढा ओलांडून साळुबाईकडं गेलो. ती शेंगा फोडत बसली होती. मी भाषण तयार करून गेलो होतो. द्राक्षाचं आरोग्याला महत्त्व, शेतकऱ्याची परिस्थिती, पोरीची नोकरी. पहिलं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, “मोटार का बंद हाय रं तुझी?”

“आँ?”

“चार सोमवार ऐकतीया. माझ्या चुलीपतुर आवाज येतुया. म्हातारा भर उन्हाचं तयार बागंला पाणी पाजतुया, म्हटलं येडा झाला का काय.”

“मग बोलली का न्हाईस?”

तिनं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. “मंगळवारी तुझं बोलणं बी ऐकू यायचं की. अंजना गेल्यापास्नं तुझ्या वस्तीवरनं आवाज म्हणून न्हवता. म्या कशाला मोडता घालू?”

मी भाषण विसरलो. खाली बसलो आणि तिच्या शेंगांतल्या दोन-चार फोडल्या. मग प्रज्ञाच्या नोकरीचं सांगितलं, तिच्या वडलांचं सांगितलं, आणि माझं पण सांगितलं. साळुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शेंगा खाऊ नगंस, बियाण्याच्या हायेत.”

पहाटे पाचला ओढ्यातून बॅटऱ्या आल्या. चौदा बाया, पुढं साळुबाई. बागेच्या तोंडाशी उभी राहून तिनं सगळ्यांना बजावलं, “आपुन द्राक्षं तोडतोय. फुडं त्याचं काय व्हतं ते आपल्याला दिसत न्हाय.” गारठा इतका की कात्र्या हाताला चिकटत होत्या. साडेआठला शेवटचा क्रेट भरला. दादाभाऊनं बुडवलेल्या दोन ओळी तेवढ्या मागं राहिल्या. त्या तो स्वतः तोडून बाजारात घेऊन गेला आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, “गिऱ्हाईकाला टेस्टच न्हाय राव आजकाल.”

गाडी निघताना प्रज्ञानं कागदात गुंडाळलेले फ्यूज माझ्या हातात दिले. “जयभीम, बाबा,” म्हणाली.

तिची नेमणूक कायम झाली. इतकी कायम झाली की तिला नाशिककडच्या सगळ्या बागा दिल्या, कारण तिचा मुरमाचा अंदाज खरा ठरला होता. म्हणजे पाणी चालू ठेवलं असतं तरी ती गेली असती, आणि पाणी बंद केलं म्हणूनही गेलीच. ह्यातून काय शिकायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

गौरी-गणपतीच्या सुमाराला ती वाकडी वाट करून आली, वडलांना भेटायला घोडेगावला चालली होती. माझ्या चढाची एक बाटली घेऊन. लेबल सगळं इंग्रजीत. तिनं एका शब्दावर माझं बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे जुन्नर.” अर्धा तास बसली. ह्या वेळी ती बोलली आणि मी ऐकलं. वडील काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. ती गेली, आणि घरात मी आणि बाटली.

ज्या गावानं बाटली आडवी पाडली त्या गावात, आणि जिच्या पायपिटीनं पाडली तिच्याच घरात ती ठेवायची कशी? मी ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, लेखी द्या. मी चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘माझ्या शेतातील द्राक्षांपासून झालेली एक बाटली माझ्या घरी ठेवण्यास परवानगी मिळावी.’ त्यानं त्यावर आवकचा शिक्का मारला, कपाळाला हात लावला, आणि सांगितलं की हा विषय ग्रामसभेपुढं ठेवावा लागेल, तोवर बाटली जैसे थे.

ग्रामसभा व्हायची तेव्हा होईल. साळुबाई मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारी पाहणीला आली. बाटली हातात घेऊन तिनं सगळ्या बाजूंनी बघितली.

“ही व्हय ती?”

“ही.”

“उघड की. चमचाभर. खोकल्याचं औषध घेतोच की आपुन.”

मी जन्मात थेंब घेतला नव्हता. दोन वाट्यांत चमचा-चमचा ओतली. रंग गवताच्या काडीसारखा. आधी लिंबाची साल जिभेला लागल्यासारखी वाटली, मग हिरवी कैरी, आणि मागाहून आमच्या चढावर पाणी शिंपडल्यावर जो वास येतो तो. गोड म्हणावं असं काही नाही.

साळुबाईनं तोंड वाकडं केलं. “रखमा, ह्यात साखर कुठाय?”

मला प्रज्ञानं सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं. ड्राय म्हणजे रसातली सगळी साखर आंबवण आंबताना खाऊन टाकतं, काही शिल्लक ठेवत नाही.

“समदी?”

“समदी.”

“आन् तू चार सोमवार मोटार लावून तीच अडवीत बसला व्हतास!”

ती हसायला लागली. दात कमी असल्यामुळं तिचं हसू लवकर थांबत नाही. मलाही आलं. मग दोघंही थांबलो. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. दिवस कलला की ओढ्याच्या बाजूला बिबट्याचा फेरा असतो, तिला अंधाराच्या आत परतायला हवं होतं. तिनं वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, पण उठली नाही. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर तिला घरी जायचं आठवलं असतं.